अकरा पत्ते

शाल्मलीने उद्याच्या सामन्यासाठी चाळीस पत्ते निवडून डायनिंग टेबलावर मांडले होते. हेरंबने सहज म्हणून एक उचलला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

'दाभोळची जेटी, निशिकांतसोबत. ताकद चौऱ्याण्णव.'

डोक्यातली आठवण पत्त्यावर उतरवताना यंत्र तिची धग मोजतं आणि तिथे लबाडी चालत नाही, हे हेरंबला पक्कं ठाऊक होतं. त्याने बाकीचे पत्ते भराभर पाहिले. निशिकांतची स्कूटर, निशिकांतचं पत्र, निशिकांतशी झालेलं शेवटचं भांडण. जुन्या प्रियकराचे इतके पत्ते, लग्नाच्या नवऱ्याचा मात्र एकही नाही! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नऊ वर्षं झाली आपल्या लग्नाला. माझा एकही पत्ता घ्यावासा वाटला नाही तुला?"

"नाही वाटला."

"माझ्या कॅटमध्ये तुझे अकरा आहेत! आपलं लग्न, ओवीचा जन्म, सगळं. एकेक नव्वदच्या वर. हौसेने घेतलेत मी."

"काल पाहिले मी ते," पत्ते पिसत शाल्मली म्हणाली. "टेबलावर चौघं बसतात, हेरंब. एक जिंकतो आणि तिघांचे पत्ते घेऊन जातो. पत्ता गेला की त्यावरची आठवणही कायमची जाते."

"नियम मला शिकवू नकोस. उद्या मी जिंकलो तर..."

शाल्मलीने कॅट डबीत ठेवून झाकण लावलं.

"निशिकांत गेला तर जाऊ दे, म्हणून मी त्याला घेतलं. तू मला अकरा वेळा पणाला लावलंस."