डबा संपला की

बालवाडीच्या शिक्षिका तयार करणाऱ्या आम्हा बायकांची संघटना दर महिन्याला भवानी पेठेत जमते. प्रत्येक वेळी एकीने वर्गातली एक युक्ती सांगायची. या खेपेला दुर्गाताई उभ्या राहिल्या.

"रडणाऱ्या लेकराला 'आई आत्ता येईल' अशी थाप कधीच मारू नका. त्याला घड्याळ कळत नाही, डबा कळतो. 'डबा संपला की आई येईल' म्हणायचं, आणि ते खरं करायचं."

मागे बसलेल्या त्यांच्या चार वर्षांच्या नातीने घाईघाईने डबा उघडला. भराभर चपाती संपवून, रिकामा डबा घेऊन ती पुढे आली.

"आजी, संपला की! आई येणार ना आता?"

तिच्या आईच्या तेराव्याला आम्ही सगळ्या गेलो, त्याला आठवडाही झाला नव्हता.

"येईल हं," दुर्गाताई म्हणाल्या, "आत्ता येईल."