अंगावरचं दूध
लग्नाआधीच नीलाला वडिलांमुळं अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालं होतं. डोहाळजेवणाला ती नवऱ्याच्या घरी जालन्याला आली, ती बाळंतपण होऊनही तिथंच राहिली. पण वर्ष भरायच्या आत परतली नाही, तर कार्ड जाणार होतं. “तुझं कार्ड गेलं तर माझाही रस्ता बंद,” नवरा म्हणाला. बाळाला मागाहून न्यायचं, हेही त्यानंच ठरवलं. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटून दिला. “लाव छातीला, दूध आपोआप तुटंल. मी हाय ना सांभाळायला, मंग कशापायी रडून राह्यली?” बाळानं एकदाच तोंड लावलं, चेहरा वाकडा केला आणि आईकडं बघतच राहिलं. निघायच्या सकाळी छाती ठणकत होती. नीलानं मोरीत जाऊन साबणानं कडू धुऊन काढलं, पदर सारून बाळाला जवळ घेतलं. त्यानं तोंड फिरवलं आणि आजीकडं हात पसरले. “शिकलं लेकरू,” सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.