खांबावरचा माणूस

बाबांनी जनरेटर आणला आणि त्याची वायर सरळ घराच्या बोर्डात खुपसायला निघाले. वायरमनने हातच जोडले. "काका, आधी चेंजओव्हर स्विच बसवू. नियमच आहे तसा. नाहीतर तुमच्या जनरेटरचा करंट उलटा बाहेरच्या तारेत जाईल, आणि लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस चिकटेल."

"लाईट गेल्यावर शंभर फोन केले तरी तो माणूस येतो का वेळेवर?" बाबा कडाडले. "मग त्याची काळजी मी कशाला करू? आणि मी मेन स्विच बंद करत जाईन की!"

नळ चालू ठेवून आठ दिवस गावाला जाऊन आलेला माणूस आठवणीने मेन स्विच बंद करणार होता.

तेवढ्यात आई आतून ओरडली, "अहो, या महिन्यापासून आपल्या भागातल्या खांबांवर आपले जावईच चढणार आहेत. ताईने कालच सांगितलं ना फोनवर?"

बाबांनी लगेच वायर खाली ठेवली आणि वायरमनला म्हणाले, "आजच्या आज बसव. चांगल्यातला बसव."

आईने पदर डोळ्यांना लावला. "बोलून दाखवत नाहीत, पण बघ, जावयावर किती जीव आहे यांचा," ती मला म्हणाली.



"जीव कसला डोंबलाचा!" बाबा खेकसले. "मागे त्याचा नुसता पाय मुरगळला, तर त्याला घेऊन विहीणबाई महिनाभर इथे मुक्कामाला होत्या!"