अडवलेल्यांतलं माणूस

क्वेंका शहराच्या रक्तपेढीतल्या सर्व्हरवर सकाळपासून चोरांच्या यंत्रांचा मारा चालला होता. यंत्रं पासवर्ड चाचपत होती, आणि तिथले संगणक सांभाळणाऱ्या शिमेनानं लावलेली फायरवॉल, म्हणजे संरक्षक भिंत, पासवर्ड चुकणारा प्रत्येक संगणक आपणहून अडवत होती. “बंद कर सर्व्हर, पोरी!” डॉक्टर ओर्दोन्येस ओरडले. “मग डोंगरातले दवाखाने रक्त कसं मागवतील? पावसानं फोन बंद आहेत, डॉक्टर, फक्त इंटरनेट चालू आहे.” स्क्रीनवर अडवलेल्यांत एक संगणक मध्येच थांबत, पुन्हा घाईघाईनं चुकत होता. “यंत्र असं अडखळत नाही. हे आपलंच माणूस, घाईत पासवर्ड चुकतंय.” “चुकलीस तर?” “लगेच अडवेन. मी इथेच बसलेय ना!” तिनं तेवढ्या संगणकालाच वाट मोकळी केली. क्षणात डोंगरातल्या एका दवाखान्याची मागणी झळकली: बाळंतीण, रक्तस्राव, ओ निगेटिव्ह. रक्त घेऊन जीप सुटली. संध्याकाळी फोन सुरू होताच तिथल्या नर्सबाई बरसल्या, “काय गं, आम्हालाही चोर समजलीस?” शिमेना हसली. फोनच्या पलीकडे ती बाळंतीण आपल्या बाळाला गप्प करत होती.