तिरका दात

जेवायच्या सुट्टीत नवरा घरी गेला की मी आमच्या कवळ्यांच्या दुकानाचं दार लावते, पावाला जॅम फासते आणि त्यावर कच्चा कांदा नि तिखट पेरते. सासूबाईंनी एकदा बघितलं होतं. "शी! कुत्रंसुद्धा हुंगणार नाही हे," म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच आणखी एक खाल्ला.

आज मध्येच फोन घ्यायला उठले आणि परत येऊन बघते तर पावाचा एक घास तोडलेला. दार आतून बंदच होतं.

दातांच्या खुणा मला कळतात, माझा धंदाच तो. पुढचा डावा दात किंचित तिरका. "माझ्या मूळच्या दातासारखाच बसव," असा सासूबाईंचा हट्ट होता, म्हणून मीच तसा बसवला होता. गेल्या वर्षी ती कवळी त्यांच्या तोंडात ठेवूनच त्यांना शेवटचा निरोप दिला.

मी नवा पाव घेतला. दुप्पट कांदा, दुप्पट तिखट.

"आधी नावं ठेवायची आणि मग चोरून खायचं?" मी मोठ्याने म्हटलं. "हा माझा आहे. मिळणार नाही."

मी बशी जवळ घ्यायला गेले, तर ती पलीकडून कुणीतरी ओढली.

मीही सोडली नाही.