अक्काची किल्ली

“एक किल्ली तू ठेव, दुसरी अक्काला नेऊन दे. किल्लीवाचून संगणक तिला माझ्याशी बोलू द्यायचा नाही,” मरणापूर्वी आपला आवाज नि आठवणी संगणकात साठवून भालचंद्रांनी बजावलं होतं. “देते,” म्हणून वत्सलाबाईंनी दोन्ही देव्हाऱ्यातच ठेवल्या.

आजही पूजा आटोपून त्यांनी बोटाएवढी किल्ली संगणकाला लावली, तसा नवऱ्याचा आवाज आला.

“अगं, अक्का रुसलीय का? एकदाही बोलायला आली नाही.”

“गुडघे दुखतात त्यांचे.”

“बोलायला गुडघे लागतात होय!” ते हसले. मग हळूच म्हणाले, “माझंच चुकलं असेल काही. सांग तिला, धाकटा भाऊ माफी मागतोय.”

मेल्यावर तरी ते आपल्या एकटीचे असावेत, एवढाच वत्सलाबाईंचा लोभ होता.

त्यांनी दुसरी किल्ली रुमालात बांधली आणि न जेवताच अक्कांच्या गावची एसटी गाठायला निघाल्या.