शेवटच्या टाकीतले मासे

कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणं हे माझं काम. तेच पाणी शेवटी काचेच्या टाकीत सोडून आम्ही त्यात मासे ठेवतो. मासे जिवंत म्हणजे पाणी चांगलं, एवढं तपासणीच्या मॅडमना पुरतं.

खरं तर मासे दोन दिवसांत मरतात. तपासणीच्या आदल्या दिवशी मी गुपचूप चार नवे सोडतो आणि मेलेले कुंपणामागे पुरतो. बायको म्हणते, "एवढे मासे आणता, घरी मात्र एक येत नाही!"

कालही चारच सोडले होते. आज सकाळी बघतो तर नऊ. त्यातल्या एकाची शेपटी फाटलेली होती. त्याला गेल्या महिन्यात मीच पुरलं होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. काचेशी वाकून म्हणाल्या, "वा, भलतेच टुणटुणीत आहेत की!"

त्यांनी काचेवर टिचकी मारली. एकही मासा हलला नाही. त्यांचं हसू विरलं.

"दादा, जरा डावीकडे सरका बरं."

मी सरकलो.

"आता उजवीकडे."

मी सरकलो. नवाचे आता चौदा झाले होते, आणि चौदाही माझ्याबरोबर वळले.